बंकरमधली ओस्ती

इनास फरोज हा तापट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतील, तो होताच तसला. वसईकडच्या नंदाखालचा वेल्डर, वय चव्वेचाळीस, सौदीत अकरा वर्षं काढलेला. एवढ्या वर्षांत त्याने कॅम्पातल्या मांजराला लाथ मारली नव्हती. एकदा मेसच्या डाळीत झुरळ निघालं तेव्हा सगळे ताटं आपटून उठले. इनासने ते चमच्याने काढून बाजूला ठेवलं आणि जेवण पुरं केलं. पांडू गुरव तेव्हा म्हणाला होता, "ह्या माणसाला राग आणायचा तर देवालाच खाली यावं लागंल." पांडूला काय माहीत, तो बोलावणं धाडतोय.

कॅम्प जुबैलच्या वरच्या अंगाला, समुद्रापासून दोन मैलांवर. साल एक्याण्णव, महिना फेब्रुवारी. इराकची स्कड क्षेपणास्त्रं कधी येतील त्याचा नेम नव्हता. ज्यांची कुठे सोय होती ते जानेवारीतच पश्चिमेला, राबिघ-जेद्दाकडे सटकले होते. उरलेल्यांचे पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे व्हिसावर आणणाऱ्या मालकाच्या, कपाटात होते, त्यामुळे त्यांचं शौर्य सक्तीचं होतं. साहेब लोकांना गॅसचे मास्क मिळाले. कामगारांना सांगितलं, टॉवेल ओला करा आणि नाकाला लावा.

इनासच्या खोलीत तीन खाटा. एक त्याची. दुसरी पांडूची, हा संगमेश्वरकडचा, पाइप फिटर, इनासपेक्षा आठ वर्षांनी लहान, घराण्यात देवळाची पूजा, तोंड अखंड चालू. तिसरी बदरुद्दीनची. तो श्रीवर्धनचा, क्रेन चालवायचा, पन्नाशी उलटलेला, पाच वेळचा नमाजी, आणि खोलीत कुणाचंही भांडण झालं की दोघांनाही शिव्या देऊन मिटवणारा. सगळे त्याला बदूभाय म्हणत. सहा वर्षं तिघं एका स्टोव्हवर चहा करत होते.

त्या महिन्यात इनासच्या टोळीला अमेरिकन सैन्याच्या तळावर न्हाणीघरांचे पाइप जोडायला पाठवलं. तिथे त्याला एक पाद्री भेटला. त्याने कॉलरवरचा क्रूस काढून ठेवला होता, कारण या मुलुखात तो दिसलेला चालत नाही. पण इनासने त्याला ओळखलं. पाद्री खाकी घातली तरी हात पुढे धरून चालतात, असं त्याचं म्हणणं. अकरा वर्षांत रजेवर घरी गेल्याशिवाय इनासच्या जिभेला ओस्ती लागली नव्हती. त्याने पाद्र्याला सांगितलं, कॅम्पात आम्ही सात कॅथलिक आहोत, दर शुक्रवारी दार लावून माळेची प्रार्थना करतो, त्यापलीकडे काही नाही. पाद्र्याची तुकडी दोन दिवसांत सरहद्दीकडे निघायची होती. त्याने इनासला तिथल्या तिथे वाटण्याचा अधिकार दिला, आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या चपट्या पत्र्याच्या डबीत, पांढऱ्या कापडात, चौदा ओस्ती मोजून दिल्या. दोन शुक्रवार पुरतील एवढ्या.

ओस्ती म्हणजे गव्हाच्या पिठाची, जुन्या रुपयाएवढी पातळ पांढरी भाकर. मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, पाद्री तिच्यावर ख्रिस्ताचे शब्द उच्चारतो आणि त्या क्षणापासून ती भाकर उरत नाही. ती ख्रिस्ताचं शरीर होते, सगळंच्या सगळं, प्रत्येक कणात. तुम्हाला पटो न पटो, इनासला ते दोन आणि दोन चार इतकं पटलेलं होतं. तो आठ वर्षांचा असताना एका म्हातारीच्या ओठांवरून ओस्ती निसटून देवळाच्या फरशीवर पडली. मिस्सा थांबली. फादर गुडघ्यांवर बसले, ओस्ती उचलून स्वतः खाल्ली, मग फरशीच्या त्या जागेला जीभ लावली. नंतर ती जागा पाण्याने धुतली आणि ते पाणी मोरीत जाऊ न देता आवारातल्या माडाच्या मुळाशी ओतलं. म्हातारी तीन दिवस जेवली नाही. इनास ते विसरला नाही, आणि म्हणूनच ती डबी कुलपात ठेवण्याआधी त्याने दोन्ही हात साबणाने धुतले.

पहिल्या शुक्रवारी सातही जण खोलीत जमले: इनास, दोन गोवेकर, एक मंगळुरी आणि तीन फिलिपिनो. खिडकीला चादर लावली. पकडले गेले असते तर मुतव्वे, म्हणजे धर्माचे पोलीस, आले असते, तुरुंग झाला असता आणि मग एक्झिट, कायमची घरी रवानगी. म्हणून पांडू बाहेर पायरीवर कांदे चिरत बसला. कुणी अनोळखी आलं की मोठ्याने खोकायचं, असं ठरलेलं. बदूभाय आपला गालिचा उचलून शेजारच्या खोलीत गेला. जाताना म्हणाला, "तुझा देव तुला मुबारक. पण हळू गा रे बाबा, भिंत पत्र्याची आहे." एका दुसऱ्या धर्माच्या माणसाने पहारा द्यावा आणि तिसऱ्याने जागा करून द्यावी, यात कुणालाच काही नवल वाटलं नाही.

सगळे गेल्यावर पांडू आत आला. त्याने डबीकडे पाहिलं आणि उजवा तळवा पुढे केला.

"नाही रे," इनास म्हणाला.

"का? तासभर डोळ्यांत पाणी घेऊन राखण केली. एक कण दिलास तर तुझा देव उणा व्हईल?"

"तुझ्यासाठी नाही ते, पांडू."

"परसाद हाय ना? मग परसाद एकासाठी हाय आणि दुसऱ्यासाठी नाय, असं कसं?"

"सांगून तुला कळायचं नाही."

इथे इनासने पाच मिनिटं बसून सांगायला हवं होतं. पांडू बडबड्या होता, मूर्ख नव्हता. पण आपल्या देवातलं दुसऱ्याला कळायचंच नाही असं धरून चालणं हा फार जुना आळस आहे, आणि तो सगळ्याच धर्मांत चालतो. इनासने डबी आपल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि वर किल्ली पांडूच्याच हातात दिली. म्हणाला, "मी यार्डात असताना झडती आली, आग लागली, काहीही झालं, तरी ही डबी घेऊन बाहेर पड. बाकी सगळं जळू दे." ज्याच्या हातावर कण ठेवायचा नाही त्याच्या हातात आख्खी डबी दिली, हे त्याच्या लक्षात आलं नाही. पांडूच्या आलं. पण त्याने किल्ली करगोट्याला बांधली आणि चहा ठेवला.

मंगळवारी मगरीबची, सूर्यास्ताची बांग होऊन गेली होती. मेसमध्ये ताटं वाजत होती आणि इनास यार्डात ओव्हरटाइमला होता. तेवढ्यात भोंगा झाला. असे भोंगे रोजचेच होते, पण या खेपेला तो संपायच्या आत आकाश फाटल्यासारखा आवाज आला आणि यार्डातल्या दिव्यांच्या काचा खाली आल्या. शेजारी उभा असलेला बंगाली कामगार खाली बसला. त्याच्या मानेत काच घुसली होती. इनासने आपला रुमाल तिथे दाबला. दोघांनी त्याला ट्रकमध्ये घातलं. इनासच्या हाताला कोपरापर्यंत रक्त लागलं होतं आणि डोक्यात एकच गोष्ट होती, डबी. तो कॅम्पच्या दिशेने धावत सुटला.

आत काय झालं ते त्याला नंतर बदूभायकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं, पण ते इथेच सांगितलेलं बरं.

भोंगा झाला तसे सगळे ताटं टाकून बंकरकडे पळाले. बंकर म्हणजे जहाजावरचा लोखंडी कंटेनर, अर्धा वाळूत पुरलेला आणि वरून पोती रचलेली. पांडू मात्र उलटा खोलीकडे धावला, कुलूप उघडलं, डबी छातीशी धरली आणि शेवटचा आत शिरला. दार बंद झालं. आत तीसेक माणसं: तेलुगू, पठाण, बंगाली, कोकणी, सिंहली. शुक्रवारच्या प्रार्थनेतलं मात्र तिथे कुणी नव्हतं. पहिला स्फोट झाला तेव्हा वरून वाळू गळली आणि कुणीतरी ओरडलं, गॅस आला. ती फक्त धूळ होती. पण तीस माणसं दाराकडे धावली. कॅम्पवाल्यांनी बसवलेलं दार आत उघडणारं होतं. जेवढे ढकलत होते तेवढं ते घट्ट बसत होतं. एक जण खाली पडला आणि त्याच्या पोटावरून दोघे गेले. एकाने दुसऱ्याच्या तोंडात कोपर मारलं. दातांचा आवाज आला, असं बदूभाय म्हणाला. बदूभायने स्वतः दोघांना कानाखाली लावून पाहिली, काही उपयोग झाला नाही.

तेव्हा पांडू एका पिंपावर चढला. बापजाद्यांचा आवाज होता तो. जत्रेत पाच हजारांची गर्दी आवरणाऱ्यांचा. तो हिंदीत ओरडला, "परसाद है! बैठो, सब बैठो! सबको मिलेगा!"

आणि माणसं बसली. मरणाच्या दारात धक्काबुक्की करणारी माणसं सवयीने खाली बसली आणि त्यांनी हात पुढे केले. पांडूने डबी उघडली. त्यात सात ओस्ती होत्या. तीस जणांना पुरवायच्या म्हणून सहांचे बारीक तुकडे केले आणि एकेकाच्या तळव्यावर ठेवत निघाला. सातवी त्याने मोडली नाही. ती उजव्या मुठीत धरली आणि डाव्या हाताने वाटू लागला, जे त्याने जन्मात कधी केलं नसेल. बदूभायने विचारलं, ती का ठेवलीस. पांडू म्हणाला, "इनासभाऊचा वाटा. जो आला नाय त्याचा आधी काढून ठेवायचा असतो."

बदूभायने आपला तुकडा खाल्ला नाही. त्याने तो टोपीच्या घडीत ठेवला. दुसऱ्याचं पवित्र पायाखाली नको, एवढाच त्याचा विचार. बाकीच्यांनी कुणी खाल्लं, कुणी नुसतं हातात धरून ठेवलं. मग एका पठाणाने विचारलं की हा कुठला प्रसाद. कुणीतरी सांगितलं, ईसाई लोकांचा. पठाण दचकला. यात दारू असते असं त्याने ऐकलं होतं. त्याने तो घाईघाईने थुंकून टाकला. त्याला पाहून आणखी चौघांनी थुंकलं, दोघांनी तळवे झटकले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तशातली गत.

नेमकं तेव्हा इनासने बाहेरून दार ठोकलं. लोक बसलेले असल्यामुळे ते उघडता आलं.

त्याने आधी उघडी डबी पाहिली. मग खाली पाहिलं. बॅटरीच्या उजेडात लोखंडी जमिनीवर वाळू, थुंकी आणि चपलांच्या मध्ये पांढरे कण. एका चपलेखाली एक तुकडा अर्धा दबलेला होता. इनासला पुढे कुणी विचारलं तर तो म्हणायचा, मला तिथे भाकर दिसलीच नाही, मला माणूस तुडवलेला दिसला.

"कोणी उघडली?" त्याने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"मी," पांडू म्हणाला. तो हसत होता, बिचारा. एवढी माणसं त्याने शांत केली होती आणि ते इनासला कधी सांगतो असं त्याला झालं होतं. "भाऊ, ऐक, हे लोक एकमेकांना..."

इनासने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. वेल्डरचा हात तो. पांडूचं नाक एका बाजूला गेलं आणि तो पिंपावर आदळून खाली पडला. इनासच्या कमरेला स्लॅग, म्हणजे वेल्डिंगवरची खपली, काढायची टोकदार हातोडी लटकत होती. त्याने ती ओढली. पांडूने डावा हात आडवा धरला. हातोडी कोपरावर बसली आणि हात विचित्र दिशेला वळला. पांडू ओरडलासुद्धा नाही, नुसता श्वास आत ओढला. बदूभायने मागून इनासच्या कमरेला मिठी मारली. इनासने डोकं मागे हाणलं आणि म्हाताऱ्याचा ओठ फाटला.

मग त्याला पांडूची बंद मूठ दिसली.

"काय आहे त्यात? उघड."

पांडूने मान हलवली. तोंडात रक्त होतं, शब्द फुटत नव्हते. त्याने मूठ छातीखाली घेतली. इनासला वाटलं, आता हा उरलेलीही चिरडणार. त्याने पांडूला लाथेने उताणं केलं, मनगटावर गुडघा रोवला आणि बोटं उचकटू लागला. ती उघडेनात. पांडू जिवाच्या आकांताने मूठ धरून होता. वाटा राखून ठेवायचा म्हणजे ठेवायचा, मग मागणारा वाट्याचा धनीच का असेना. त्या क्षणी त्याला तेवढंच सुचत असावं. इनास उभा राहिला. पायात लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज होते. त्याने पाय उचलून बूट मुठीवर आणला. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या खेपेला हाडं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मूठ उघडली, कारण आता तिला बंद राहता येत नव्हतं. तळव्यात रक्त होतं आणि रक्तात भिजलेला पांढरा चुरा.

"तुझा वाटा होता रे तो," बदूभाय मागून म्हणाला. फाटलेल्या ओठामुळे तो बोबडं बोलत होता. "मघापासून मुठीत धरून बसलाय. इनासभाऊचा, म्हणाला. नालायका, तुझा होता तो."

इनास आपल्या बुटाकडे पाहत राहिला. टाचेच्या खाचेत पांढरं चिकटलेलं होतं. पठाण थुंकला होता तो न कळून. ज्याला सगळं कळत होतं त्याने बुटाने चिरडलं होतं, तेही मित्राच्या हातात असताना. एवढं पाप नंदाखालच्या कुठल्या माणसाने केल्याचं त्याने ऐकलं नव्हतं.

तो खाली बसला. पांडूचं मनगट दोन्ही हातांनी उचललं आणि त्या फुटलेल्या तळव्याला तोंड लावलं. चुरा आणि रक्त दोन्ही जिभेने टिपून घेतलं. मग बूट काढून टाच चाटली. मग जमिनीवर वाकला आणि थुंकीतले, वाळूतले कण वेचून खाऊ लागला. बघणाऱ्यांना वाटलं, हा माणूस रक्त पितोय. दोन तेलुगू कामगार उठले. पांडू त्यांच्याच टोळीतला, आत्ताच त्याने त्यांना मरणातून ओढून बसवलं होतं. त्यांनी इनासला लाथा घालायला सुरुवात केली. मग आणखी चौघे आले. फासळीवर, पाठीवर, कानावर लाथा बसत होत्या आणि इनास रांगत कण शोधत होता. एकाने त्याची बोटं चपलेखाली दाबली. त्याने ती सोडवून घेतली आणि चपलेच्या कडेचा तुकडा उचलला. बाहेर दुसरा स्फोट झाला. कुणी मान वर करून पाहिलं नाही.

शेवटी बदूभाय मध्ये पडला. त्याने टोपीच्या घडीतला तुकडा इनासच्या पुढे धरला. "घे. हा स्वच्छ आहे." इनासने तो घेतला. तेव्हा त्याला पहिल्यांदा रडू आलं.

ऑल क्लिअरचा भोंगा झाल्यावर सेफ्टीचे इंजिनिअर चंद्रशेखर साहेब बॅटरी घेऊन आले. पांडू बेशुद्ध होता आणि इनासचा एक डोळा मिटला होता. काय झालं म्हणून विचारलं. त्याआधीच बदूभायने सगळ्यांना एका वाक्यात समजावलं होतं: डबीचं नाव काढलंत तर पोलीस विचारतील कुणी कुणी खाल्लं, आणि मग सगळेच खलास. तीस माणसं एकमुखाने म्हणाली, चेंगराचेंगरी झाली. चंद्रशेखर साहेबांनी हातोडीकडे पाहिलं, इनासकडे पाहिलं. पुण्याचे हुशार गृहस्थ. त्यांनी वहीत चेंगराचेंगरी लिहिलं.

पांडूला जुबैलच्या इस्पितळात नेलं. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली, तिसरं वाकायचं नाही. डावं कोपर प्लास्टरमध्ये. बदूभाय रोज ड्यूटी संपली की जायचा. इनास जात नव्हता. तो पाद्र्याला शोधत होता, कुमसार करायला, म्हणजे पाप कबूल करायला. तळावर गेला तर तंबूंच्या जागी वाळूत चौकोन उरले होते; तुकडी केव्हाच सरहद्दीकडे गेली होती. खोलीत बदूभायचा आणि त्याचा चहा वेगळा होत होता. इनास रात्री उठून त्या सेफ्टी शूजकडे पाहत बसे आणि सकाळी तेच घालून कामावर जाई, कारण दुसरा जोड नव्हता.

शुक्रवारी बाकीचे सहा जण आले. इनासने रिकामी डबी दाखवली आणि सगळं सांगितलं, बूटसुद्धा. मंगळुरी उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. एक फिलिपिनो रडू लागला. थोरला गोवेकर मात्र इनासच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुका पाप ना. देवाक हात लायल्यार आनीक कितें जातलें? हांवें दोनूय हात मोडले आसते."

आपण पांडूचे दोन्ही हात मोडले असते, असं सांगताना त्या गोवेकराच्या चेहऱ्यावर समाधान होतं. इनासने ते पाहिलं. बंकरमध्ये आपण कसे दिसत असू ते त्याला तिथे बसून स्पष्ट दिसलं. त्याने खांद्यावरचा हात काढला, सगळ्यांना जायला सांगितलं आणि तसाच जुबैलची बस पकडायला निघाला.

इस्पितळात बदूभाय आधीच होता. स्टीलच्या डब्यातून डाळ-भात कालवत होता. इनासला पाहून त्याने तोंड फिरवलं. पांडूचे दोन्ही हात गुंडाळलेले, नाकावर पट्टी, डोळ्यांखाली काळं.

"मिळाला का तुला तुझा वाटा?" पांडूने विचारलं.

"हो."

"बरं झालं." आवाजात दया नव्हती. "आमच्या देवळात बापूस काही लोकांच्या हातावर परसाद वरून टाकायचा. शिवायचा नाय. मला लहानपणी त्याची लय लाज वाटायची. म्हणून त्या दिवशी मी एकेकाच्या हातावर नीट ठेवला. पठाणाच्या बी. तुझा देव वाया गेला ते माझं चुकलं, मला ठावं नव्हतं. पण मी कोण हाय ते तुला ठावं होतं की, भाऊ. सहा वर्षं. एकदा विचारायचंस तरी, पांडू, का रे असं केलंस."

"चुकलो," इनास म्हणाला.

"गुरवाचा हात गेला. आता घरी जाऊन देवाला काय दाखवू?"

इनासने बदूभायच्या हातातला डबा मागितला. बदूभायने पांडूकडे पाहिलं. मग बदूभायने डबा दिला आणि बाजूला झाला.

इनासने घास केला आणि पांडूच्या तोंडाशी नेला. पांडूने तोंड उघडलं. घास आत गेला आणि त्यासरशी पांडूचे दात इनासच्या दोन बोटांवर मिटले. चावणं म्हणतात तसलं ते नव्हतं. हाडापर्यंत गेलेलं होतं. पांडूच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तो दाबत राहिला. इनासने दुसऱ्या हाताने खाटेचा लोखंडी बार धरला, पण बोटं ओढली नाहीत. बदूभाय पुढे आला तेव्हा त्याने मान हलवून त्याला थांबवलं. भातात रक्त उतरून पांडूच्या हनुवटीवरून खाली येत होतं. शेजारच्या खाटेवरचा रोगी नर्सला हाका मारू लागला.

किती वेळ गेला ते तिघांनाही सांगता आलं नसतं. मग पांडूने दात सोडले. तो दमला होता. तोंडात घास तसाच होता. त्याने तो चावला, सावकाश, आणि गिळला.

इनास रक्ताळलेला हात छातीशी धरून उभा होता.

"मीठ कमी हाय," पांडू म्हणाला. "दुसरा दे."